बुद्ध आणि ख्रिस्त : साम्य खरं, दंतकथा खोटी

बेंगळुरूचं महाराष्ट्र मंडळ ज्या गांधीनगरात आहे, त्याच गांधीनगरात कालिदास रोडवर महाबोधी सोसायटीचा विहार आहे. इंफाळचा एक तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करात होता. पुढे तो भिक्खू झाला, आचार्य बुद्धरक्खित म्हणून ओळखला गेला आणि १९५६ साली त्याने ही संस्था उभी केली. याच शहरात १९१० पासून युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, धर्माराम कॉलेज आहे, धर्मगुरू घडवणाऱ्या इतरही अनेक संस्था आहेत. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात ८ सप्टेंबरच्या सणाला साडी नेसवलेल्या मेरीमातेपुढे मेणबत्ती लावायला सगळ्या धर्मांचे लोक रांगेत उभे असतात.

अशा शहरात ‘बुद्ध आणि येशू सांगतात ते एकच’ हे वाक्य सहज कानावर पडतं. त्यात तथ्य आहे, पण त्याच्या पाठोपाठ बरंच काही ठोकून दिलं जातं. ते बाजूला काढलं, की उरलेलं साम्य अधिक मोलाचं वाटतं.

सर्वांत चिवट गैरसमज लडाखचा. येशू तरुणपणी भारतात आला, बौद्ध भिक्खूंकडे शिकला आणि मग परत जाऊन उपदेश करू लागला, अशी ही कथा. तिचा उगम निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाच्या १८९४ च्या पुस्तकात आहे. लडाखच्या हेमिस मठात मुक्काम असताना तिथल्या लामाने आपल्याला येशूचं चरित्र सांगणारी तिबेटी पोथी वाचून दाखवली, असा त्याचा दावा होता. मॅक्समुल्लरने त्याच वर्षी त्यावर गंभीर शंका घेतल्या. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि त्यांनी मठाच्या प्रमुखापुढे नोटोविचचा मजकूर वाचून दाखवला. अशी पोथी मठात नाही आणि अशी कथा आपण कधी ऐकलेलीही नाही, असं त्या लामांनी स्पष्ट सांगितलं. तिबेटात लिपी आली आणि बौद्ध धर्म रुजू लागला तोच मुळी सातव्या शतकात, हेही लक्षात ठेवावं. तरीही ही कथा आज सव्वाशे वर्षांनंतरही मोबाइलवर फिरते आहे.

मग दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध आलाच नाही का? आला, पण वेगळ्या वाटेने. अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडच्या पाच ग्रीक राजांची नावं घेतली आहेत. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती धर्मपंडिताने इसवी सन २०० च्या सुमारास बुद्धाचा उल्लेख केला आहे. म्हणजे नाव पोचलं होतं. मात्र येशूचा उपदेश बुद्धाकडून घेतलेला आहे, हे सिद्ध करणारा पुरावा कुणीही दिलेला नाही.

एका कथेचा प्रवास मात्र पक्का ठाऊक आहे. सुखात कोंडून वाढवलेला राजपुत्र, त्याला दिसलेलं आजारपण, म्हातारपण आणि मरण, मग त्याने केलेला त्याग, ही बुद्धाची गोष्ट भाषा बदलत बदलत मध्ययुगीन युरोपात पोचली आणि तिचा नायक संत जोसाफत या नावाने ख्रिस्ती झाला. कॅथलिक संतांच्या यादीत त्याला २७ नोव्हेंबर ही तिथी मिळाली. गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कुतो साष्टी बेटावर कान्हेरीची लेणी पाहायला गेला, तेव्हा हे डोंगरातलं काम कुणी केलं असेल, असं त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं. जोसाफतच्या बापाने मुलाला एकांतात वाढवण्यासाठी हे कोरून घेतलं, असं त्या म्हाताऱ्याने सांगितलं. कुतोने ते लिहून ठेवलं आणि बुद्धाच्या व जोसाफतच्या कथेतलं साम्यही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. आज बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सहलीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की जगाच्या धर्मेतिहासातला इतका मोठा धागा आपल्या कान्हेरीत कुणाच्या तरी हाती लागला होता.

पण कथा प्रवास करतात म्हणून उपदेशही उसनाच असला पाहिजे, असं नाही. वैराने वैर शमत नाही, हे धम्मपद अगदी आरंभीच सांगतं. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू शत्रूवर प्रेम करायला सांगतो. दुसऱ्याचा दोष चटकन दिसतो, स्वतःचा झाकला जातो, हे दोघांनीही ओळखलं आहे. मज्झिम निकायात तर बुद्ध भिक्खूंना सांगतो, की दरोडेखोर करवतीने अवयव कापत असले तरी ज्याच्या मनात द्वेष येईल तो माझी शिकवण पाळणारा नव्हे. क्रुसावर खिळलेला येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. रागाचं काय होतं हे ज्यांनी नीट निरखलं, ते एकाच ठिकाणी पोचले, तर त्यात नवल कसलं? त्यासाठी कुणी कुणाची पोथी चोरावी लागत नाही.

दुसरा गैरसमज सुशिक्षितांमध्ये जास्त आढळतो. ख्रिस्ती करुणा दवाखान्यात दिसते आणि बौद्ध करुणा ध्यानाच्या आसनावर, असं मानलं जातं. विनयपिटकाच्या महावग्गातला एक प्रसंग हा समज खोडायला पुरेसा आहे. बुद्ध आनंदाला घेऊन भिक्खूंची निवासस्थानं पाहत फिरत होता. एका ठिकाणी अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला उचललं आणि खाटेवर निजवलं. त्यानंतर संघाला बोलावून बुद्धाने बजावलं, की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा जे सांगतो, त्याच्याशी हे किती जवळचं आहे! भुकेल्याला, उघड्याला, आजाऱ्याला, कैद्याला जे दिलंत ते मलाच दिलंत, असा त्याचा आशय. महावग्ग त्याच्याही पुढे जाऊन रुग्णसेवक कसा असावा तेही नोंदवतो: त्याला औषध तयार करता यावं, रुग्णाला काय चालतं आणि काय चालत नाही ते कळावं, त्याने लाभासाठी नव्हे तर मायेने करावं, मलमूत्र-ओकारीची किळस करू नये आणि रुग्णाला चार शब्दांनी धीर द्यावा. कुठल्याही नर्सिंग कॉलेजात आजही जशीच्या तशी शिकवावी अशी ही यादी आहे.

बेंगळुरूत हे नुसतं पोथीत राहिलेलं नाही. सेंट मार्थाज हॉस्पिटल १८८६ पासून गुड शेफर्ड संघाच्या सिस्टरांनी चालवलं. सरकारी व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये भाजलेल्यांवर उपचार होतात तो वॉर्ड ‘महाबोधी’ नावाने ओळखला जातो.

पंचशील म्हणजे बौद्धांच्या दहा आज्ञा, हा तिसरा समज अर्धवट आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार आणि खोटं बोलणं या चार गोष्टी दोन्हीकडे आहेत. मद्य वर्ज्य करणं फक्त पंचशीलात आहे, चर्चमध्ये तर प्रभुभोजनाला द्राक्षारस लागतो. शिवाय आज्ञा देव देतो, शील माणूस आपणहून स्वीकारतो.

इथेच ‘सगळं एकच’ हे म्हणणं कोसळतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या आणि सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या हरवलेल्या मुलाच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. लूकमध्ये उधळ्या मुलगा दुरून दिसताच बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी देतो. सूत्रातला बापही मुलाला बघताक्षणी ओळखतो, पण मुलगा त्याचा थाट पाहून भेदरतो. म्हणून बाप त्याला उकिरडा साफ करायच्या कामावर लावतो, स्वतः मळके कपडे घालून त्याच्याजवळ जातो आणि वीस वर्षं त्याला धीट होऊ देतो. शेवटी वारसा त्याच्या हाती देतो. माया दोघांचीही तितकीच आहे. पण एकीकडे ती कृपा म्हणून अवचित मिळते, दुसरीकडे तिच्यासाठी माणूस हळूहळू तयार होतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखात हाच फरक नेमका मांडला: येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, तर बुद्धाने मोक्षदाता नव्हे, मार्गदाता एवढीच भूमिका घेतली. हा फरक लपवून कुणाचंच भलं होत नाही.

साम्य मान्य केलं तर आपला धर्म उणा ठरतो, ही भीतीही अनाठायी आहे. महाराष्ट्राला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती इथे देवीच्या मंदिरात अशोकाचा लेख सापडला. त्यात बारावा शिलालेख आहे. स्वतःचा पंथ मिरवायला दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असं त्यात बजावलेलं आहे.

मराठी वाचकाला तर दोन्ही बाजू आपल्या भाषेत वाचायची सोय आहे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ आहे आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. लडाखच्या पोथीचा मेसेज पुढे पाठवण्याआधी ही दोन पुस्तकं जरूर उघडावीत.