थोराड श्वान आणि नवखा धनी

कुत्रा पाळणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो, दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान असतात आणि बालाघाटच्या माळावर मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराच्या तळाला कुत्र्यावाचून रात्र काढवत नाही. नवी आहे ती महाकाय विदेशी श्वानांची हौस. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ ही नावे एके काळी संस्थानिकांच्या वाड्यांत आणि महानगरांतील बंगल्यांतच ऐकू येत. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चित्रफितींनी ती गावोगाव नेली आहेत. धुळे-सोलापूर महामार्गावरील चौसाळ्यासारख्या गावातील तरुणालाही त्यांचा मोह पडावा, यात नवल नाही. मात्र ज्याने आयुष्यात कधी कुत्रे पाळलेले नाही, त्याने पहिलेच कुत्रे साठ-सत्तर किलोचे आणावे काय, याचा विचार हौसेच्या भरात न करता शांतपणे करावयास हवा.

या विषयावरील चर्चा बहुधा श्वानांच्या स्वभावाभोवतीच फिरते. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने परिपत्रक काढून 23 प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबविण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. रॉटवायलर, मास्टिफ, कॉकेशियन शेफर्ड यांचा त्या यादीत समावेश होता. पुढे एप्रिल महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांशी सल्लामसलत झालेली नाही या कारणास्तव ते परिपत्रक रद्द ठरविले. या वादातून सामान्य वाचकाने एक सोयीचा निष्कर्ष काढला. यादीतील जाती भयंकर, बाकीच्या निर्धोक. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड यादीत नव्हते; शिवाय या दोन्ही जाती सामान्यतः सौम्य आणि माणसाळू म्हणूनच ओळखल्या जातात. तेव्हा नवख्याने त्या पाळण्यास हरकत कोणती, असा प्रश्न विचारला जातो.

वजन सौम्य नसते

हरकत स्वभावाची नाही, आकारमानाची आहे. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे असते आणि वर्षभरात ते पन्नास किलोच्या आसपास पोहोचते. पिल्लाने अंगावर उडी घेतली की घरातील सारे कौतुकाने हसतात. तीच सवय घेऊन पिल्लू मोठे झाले, म्हणजे त्याच प्रेमाच्या उडीने म्हातारी आजी अंगणात आडवी होते. लहान कुत्र्याच्या बाबतीत शिकवणुकीतील चूक खपून जाते आणि पुढे सुधारताही येते. थोराड कुत्र्याच्या बाबतीत चूक ध्यानी येईपर्यंत दोरी धरणारा हात अपुरा पडू लागलेला असतो. नवखा माणूस चुकतच शिकतो. त्याने आपल्या चुकांसाठी निवडलेला प्राणी त्याच्याहून बलवान नसावा, एवढे तारतम्य आवश्यक आहे.

नवखेपणाचा दुसरा धोका मायेतून उद्भवतो. पिल्लू धष्टपुष्ट व्हावे म्हणून त्याला पोटभराहून अधिक चारावे, हाडे बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, ही आपल्याकडील स्वाभाविक समजूत. महाकाय जातींच्या बाबतीत नेमके हेच अपायकारक ठरते. त्यांचा सांगाडा पूर्ण होण्यास दीड-दोन वर्षे लागतात. त्या काळात वजन फार वेगाने वाढले किंवा कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेले, तर हाडे आणि सांधे कायमचे बिघडू शकतात. धन्याने मायेने केलेल्या चुकीची किंमत मुके जनावर जन्मभर लंगडत चुकविते.

चौसाळ्याचा उन्हाळा

आता प्रश्न प्रदेशाचा. साठ किलोच्या कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे दोन हजार चारशे कॅलरी लागतात, म्हणजे बेताचे कष्ट करणाऱ्या प्रौढ माणसाला लागतात साधारण तितक्या. गावातील कुत्रे चतकोर भाकरीवर आणि उरल्यासुरल्यावर दिवस काढते. या पाहुण्याचे तसे भागत नाही. त्याला मांस, अंडी किंवा तयार खाद्य असा प्रथिनयुक्त आहार रोज आणि नियमाने द्यावा लागतो. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या पगारात खाणारे एक तोंड वाढते, असा याचा सरळ हिशेब आहे. पाण्याचेही तेच. असे कुत्रे दिवसाला तीन-चार लिटर पाणी केवळ पिते. त्याची जागा धुणे आणि त्याला आंघोळ घालणे वेगळेच. ज्या जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ सोसला आणि 2016 च्या उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावले, त्या बीड जिल्ह्यात हा हिशेब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

उष्म्याचा त्रास तर याहून गंभीर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला शरीरातील उष्णता बाहेर घालवावी लागते. देह जितका मोठा, तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ कमी, आणि उष्णता बाहेर पडणेही तितकेच मंद. सेंट बर्नार्ड हा आल्प्स पर्वतातील सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरच्या हिमाच्छादित खिंडीत वाढलेला प्राणी. त्याला मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली बांधणे ही हौस नव्हे, ती शिक्षा आहे.

आजारपणाचा विचार तर खरेदीच्या वेळी कोणी करीतच नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा विकार विशेष आढळतो. त्यावर काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर प्राणी दगावतो. ग्रामीण भागातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची बहुतेक शक्ती बैल, गाई, म्हशी आणि शेळ्या यांच्यावर खर्च होते, आणि ते योग्यही आहे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. पण मध्यरात्री साठ किलोचे तडफडणारे जनावर चौसाळ्याहून तेथवर नेणे किती जणांना साधेल? एवढे सारे करूनही या जातींचे आयुष्य तोकडेच असते. उंचीचा विश्वविक्रम करणारा अमेरिकेतील झ्यूस नावाचा ग्रेट डेन 2014 साली मरण पावला, तेव्हा तो अवघा पाच वर्षांचा होता. आठ-दहा वर्षे म्हणजे या जातीला पुष्कळच झाली.

पाठीशी काय असते?

महाकाय श्वान जगात नीट सांभाळले गेलेच नाहीत, असे मात्र नाही. ते जेथे सांभाळले गेले, तेथे त्यांच्या पाठीशी काय होते हे पाहिले पाहिजे. ज्या मठात सेंट बर्नार्ड शतकानुशतके वाढला, त्या मठातील संन्याशांनाही हा भार अखेर पेलवेना. 2004-05 च्या सुमारास त्यांनी आपले श्वान त्यासाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाच्या हवाली केले. सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी माहुलीच्या संगमावर आहे, आणि त्याला जहागीर व पालखीचा मान होता असे परंपरा सांगते. पण त्या पालखीमागे एक राज्य उभे होते. खुद्द बीडचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट 2020 मध्ये बीड पोलिसांनी आपल्या रॉकी या श्वानाला सन्मानाने अखेरचा निरोप दिला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने साह्य केल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये केला होता. पोलिसांच्या श्वानाला शिधा असतो, वैद्य असतो, आणि ज्याचे तेच काम असा प्रशिक्षित माणूस त्याच्या दिमतीला असतो. घरच्या कुत्र्याला यांतले काय मिळते? सकाळी शाळा, दुपारी कचेरी आणि संध्याकाळी शिकवणी यांतून उरलेला अर्धा तास.

त्यातून नोकरदाराच्या पाठीशी बदली लागलेली. आठ-दहा वर्षांत दोन-तीन बदल्या सहज होतात. भाड्याच्या दोन खोल्यांत कोणता घरमालक असा भाडेकरू घेईल? मग आप्तेष्टांना विचारून पाहिले जाते, कोणी तयार होत नाही, आणि एखाद्या रात्री ते जनावर महामार्गावर सोडून दिले जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. परंतु त्या कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच असल्याने त्याचा धाक कोणाला वाटावा? युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही सोबतच्या श्वानाला टाकून देण्याचे नाकारले, ही कथा वर्गात शिकविणाऱ्यांनी तरी कुत्रे आणण्यापूर्वी आपली पुढील दहा वर्षे डोळ्यांसमोर आणावीत. कुत्र्याने कोणाला इजा केली, तर प्रकरण आणखी गंभीर होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार पाळलेल्या प्राण्याबाबत हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

मग नवख्याने कुत्रे पाळूच नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठवाड्याच्या मातीतच कारवान जात आहे. लातूरच्या परिसरात तिची जोपासना परंपरेने होत आली आहे. तिचाच भाऊबंद शोभणारा मुधोळ श्वान मालोजीराव घोरपडे यांच्यामुळे इंग्लंडच्या राजापर्यंत पोहोचला आणि 2005 साली टपाल तिकिटावरही झळकला. हे श्वान तीस किलोंच्या आत राहतात आणि येथील ऊन जाणतात. अर्थात, तेही धावण्यासाठीच जन्मलेले. ज्याच्यापाशी शेतशिवार नाही, त्याने त्यांनाही साखळीला बांधून कुढवू नये. अशा माणसाला दारातील गावठी पिल्लूच सर्वांत योग्य. त्याला रेबीजची लस वेळेवर टोचावी, नेमाने खाऊ घालावे आणि वळण लावावे. त्याच्या संगतीत पाच-सात वर्षे काढली की धन्याला श्वानाची भाषा कळू लागते आणि स्वतःच्या धीराचे मापही समजते.

त्यानंतरही ज्याच्यापाशी स्वतःचे घर आहे, भिंतीचे आवार आणि गर्द सावली आहे, दिवसभर घरात असणारे आणि दोरी पेलू शकणारे माणूस आहे, आणि आजारपणासाठी गाठीला पैसा आहे, त्याने खुशाल ग्रेट डेन आणावा. इतरांनी त्याचे कौतुक दुरूनच करावे. प्राण्यावरील प्रेम त्याच्या उंचीने मोजले जात नाही. त्याचा शेवटचा दिवस कोणाच्या उंबरठ्यावर उजाडतो, यावरून ते मोजले जाते.