सहा सेकंदांचं इंजिनिअरिंग

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमधलं ते टायट्रेशन आठवतंय? ब्युरेटमध्ये भरलेलं रंगहीन द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या फ्लास्कमधला निळा रंग कधी जातो याकडे डोळे लावून बसायचं. ते द्रावण म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ऊर्फ हायपो. आपल्या दृष्टीनं त्याचा उपयोग रीडिंग मिळवण्यापुरता आणि जर्नलवर सही घेण्यापुरता. पण १९१५ साली हाच हायपो युरोपातल्या खंदकांमध्ये लाखो ब्रिटिश सैनिकांजवळ होता आणि त्यावर त्यांचा जीव अवलंबून होता.

विषारी वायूपासून संरक्षण म्हटलं की आपल्याला आधी केमिस्ट्रीच आठवते : कुठला वायू, त्यावर कुठलं रसायन, रिॲक्शन काय. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण ब्रिटिश सैन्याचा या बाबतीतला इतिहास वाचला की लक्षात येतं, केमिस्ट्रीइतकाच डोकेदुखीचा प्रश्न दुसराच होता. हे साधन सैनिकानं अंगावर नेमकं कुठे अडकवायचं, आणि वायू आला की ते तोंडावर यायला किती वेळ लागणार?

फडक्यापासून सुरुवात

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानं सिलिंडर उघडून दीडशे टनांहून जास्त क्लोरीन वाऱ्यावर सोडला. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. त्यामुळे तो जमिनीलगत सरकत आला आणि खंदकात उतरला. म्हणजे गोळ्यांपासून वाचायला जी जागा खणली, तीच वायूसाठी हौद ठरली. समोरच्या सैनिकांकडे संरक्षण म्हणून काहीही नव्हतं. पुढच्या काही दिवसांत पाण्यात, नाहीतर चक्क लघवीत भिजवलेलं फडकं नाकातोंडावर धरायचं, एवढाच उपाय होता.

यात आपली माणसंही होती. २६ एप्रिलला हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन याच ईप्रजवळ हल्ल्यात उतरली आणि तिलाही क्लोरीनला तोंड द्यावं लागलं. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूचा त्रास मात्र त्यांच्या मागे पुढेही राहिला.

मग घाईघाईनं पहिलं 'अधिकृत' साधन आलं. काळ्या जाळीच्या लांब पट्टीत सुती कचऱ्याची गादी, आणि ती गादी हायपो, धुण्याचा सोडा व ग्लिसरीनच्या द्रावणात भिजवलेली. हायपो आणि सोडा क्लोरीनला निष्प्रभ करायचे, ग्लिसरीन गादी वाळू द्यायचं नाही. केमिस्ट्री पास! पण वापरताना ही गादी नाकातोंडावर नीट बसवून पट्टी डोक्यामागे गाठ मारून बांधायची. समोरून ढग येतोय, हात थरथरताहेत, आणि माणूस मानेमागे गाठ मारतोय, अशी कल्पना करून बघा. गाठ सैल राहिली किंवा गादी जराशी सरकली की बाजूनं वायू आत. रसायन बरोबर असून उपयोग काय?

डोक्यावर पिशवी

यावरचा पुढचा उपाय एकदम साधा होता. पट्टी, गाठ, काही नकोच. सरळ अख्खं डोकंच पिशवीत घाला! न्यूफाउंडलंडचे डॉक्टर क्लूनी मॅकफर्सन यांच्या कल्पनेतून 'हायपो हेल्मेट' तयार झालं. हेल्मेट म्हटलं तरी ती फ्लॅनेलची थैलीच होती. हायपोच्या द्रावणात भिजवलेली, डोळ्यांसमोर एक पारदर्शक खिडकी. थैली डोक्यावरून ओढायची आणि खालची कड कोटाच्या कॉलरमध्ये खोचून बटणं लावायची. म्हणजे सील करायचं काम गणवेशाच्या कॉलरनंच केलं. जुगाड म्हणा हवं तर, पण चालणारा जुगाड.

अडचण अशी की श्वास घ्यायचा आणि सोडायचा तो त्याच कापडातून. आत कोंदट, गरम, काचेवर वाफ. त्यातच जर्मन सैन्य फॉस्जीन वापरणार अशी खबर आली आणि फॉस्जीनवर हायपो चालत नाही. म्हणून १९१५ मध्येच 'पी हेल्मेट' आलं. यात सोडियम फिनेट वापरलं. ते तीव्र अल्कली असल्यानं लोकरी फ्लॅनेल टिकेना, म्हणून कापडही बदलून सुती केलं. शिवाय आपण सोडतो त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड अल्कलीला निकामी करतो. म्हणून उच्छ्वास बाहेर टाकायला दातांत धरायची वेगळी नळी आणि तिला झडप बसवली. नाकानं आत घ्यायचं, तोंडानं नळीवाटे बाहेर सोडायचं. एक रसायन बदललं तर कापड बदललं, झडप आली आणि श्वास घ्यायची पद्धतही बदलली! डिझाइनमध्ये एक गोष्ट हलवली की बाकीच्या चार कशा हलतात, याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल. १९१६ च्या सुरुवातीला त्यात हेक्झामाइन मिसळून 'पीएच हेल्मेट' आलं, कारण फॉस्जीनवर ते जास्त प्रभावी होतं.

आता बाळगण्याचा प्रश्न. ही थैली घडी करून खांद्याला लटकवलेल्या छोट्या पिशवीत ठेवायची. हल्ल्याच्या वेळी ती बाहेर काढायला वेळ नको, म्हणून टोपीसारखी डोक्यावर गुंडाळून ठेवायची आणि गरज पडली की खाली ओढायची. सप्टेंबर १९१५ च्या लूसच्या लढाईत सैनिक असेच निघाले. नेमका पाऊस आला. कापडातलं रसायन पाण्याबरोबर ओघळून डोळ्यांत उतरलं आणि आग आग झाली. कागदावर झकास दिसणारी 'तयार' स्थिती पावसानं एका सकाळीत नापास केली.

डबा छातीवर, नळी तोंडात

खरी उडी पडली ती १९१६ मध्ये. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली : गाळणी चेहऱ्यापासून वेगळी काढली. आधी आला मोठा डबा. तो वजनदार असल्यानं तोफखान्यासारख्या एका जागी काम करणाऱ्यांनाच दिला. मग त्याचं आटोपशीर रूप आलं, 'स्मॉल बॉक्स रेस्पिरेटर'. १९१६ च्या उत्तरार्धापासून ते सगळ्यांना मिळू लागलं.

रचना बघा. पत्र्याच्या डब्यात कोळशाचे आणि सोडा-लाइम व परमँगनेटचे दाणे. हवा तळातून आत येते, दाण्यांमधून गाळून वर जाते आणि घड्या असलेल्या रबरी नळीतून चेहऱ्याकडे येते. डबा वापरतानाही झोळीतच राहतो. त्यामुळे वजन पट्ट्यावर पडतं, चेहऱ्यावर नाही, आणि मान हवी तशी वळवता येते.

मुखवट्याच्या आत आणखी एक शहाणपण होतं. नाकाला चिमटा आणि दातांत धरायचं रबरी तोंड. श्वास फक्त नळीतूनच. म्हणजे मुखवटा एखाद्याच्या चेहऱ्याला नीट बसला नाही आणि कडेनं थोडा वायू आत आला, तरी फुप्फुसं सुरक्षित. मुखवट्याचं काम मुख्यतः डोळे वाचवण्याचं. फेल-सेफ डिझाइन म्हणजे दुसरं काय? त्याची किंमतही होतीच. जबडा दुखायचा, लाळ गळायची आणि हुकूम द्यायला तोंड उघडणं अशक्य.

आता झोळी कुठे? आघाडीपासून लांब असताना पट्टा खांद्यावरून तिरपा आणि झोळी कुशीला, आपण कॉलेजची सॅक लटकवतो तशी. आघाडीजवळ आलं की 'अलर्ट' स्थिती. पट्टा आखूड करून झोळी छातीवर उंच घ्यायची, झाकण अंगाच्या बाजूला, आणि ती हलू नये म्हणून एक दोरी पाठीमागून फिरवून बांधायची. आता हनुवटी आणि मुखवटा यांत वीतभर अंतर. कवायतीत अपेक्षा अशी की इशारा मिळाल्यापासून सहा सेकंदांत मुखवटा चढला पाहिजे. क्रमही ठरलेला. पहिली पायरी श्वास रोखणं. मग डोक्यावरचं लोखंडी टोप काढणं, हनुवटी आत, पट्टे डोक्यामागे, रबरी तोंड दातांत, नाकाला चिमटा, आणि मगच श्वास.

सहा सेकंदच का, हे उमगायला घड्याळ लावून सहा सेकंद श्वास रोखून बघा. अगदी सहज जमतं. आता जिना धावत चढून या आणि पुन्हा बघा. डिझाइनरनं 'सरासरी माणूस' पहिल्या प्रयोगातला धरायचा की दुसऱ्यातला, हा खरा प्रश्न आहे.

दुसरं महायुद्ध : वायू आलाच नाही

जुलै १९१७ मध्ये ईप्रलाच मस्टर्ड गॅस आला आणि प्रश्न आणखी वाढला. हा खरं तर तेलकट द्रव. कातडी भाजते, आणि तेही काही तासांनी कळतं. नुसता मुखवटा पुरेना. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक बाहेर पडला तो वायूविरोधी सामानाचं दुकान घेऊनच. छातीवर रेस्पिरेटरची झोळी (आता नाकाचा चिमटा जाऊन रबरी मुखवटा आला होता, नळी आणि डबा तसेच). झोळीत डोळ्यांसाठी पातळ पारदर्शक पटलं, कातडीसाठी मलम, द्रव टिपायला सुती कचरा. दंडावर द्रवाचा थेंब पडला की रंग बदलणारी पट्टी. आणि पाठीवर गुंडाळलेली तेल लावलेली केप. तिची नाडी ओढली की ती पाठीवर उलगडायची, मग बाह्यांत हात घालायचे. पाठीवरच्या सामानासकट सगळं झाकलं जाई.

व्यवस्था चोख, पण एक खोच राहिलीच. छातीवर झोळी असली की पालथं झोपता येत नाही. सरपटायचं कसं, नेम कसा धरायचा? खुद्द संरक्षणाचं साधनच सैनिकाला जमिनीपासून वर उचलून धरणार! म्हणून १९४३ च्या सुमारास हलका रेस्पिरेटर आला. नळी गेली, छोटा डबा थेट मुखवट्याच्या डाव्या गालावर आला, कारण उजव्या गालाला बंदुकीचा दस्ता टेकतो. झोळी लहान झाली आणि छातीवरून बाजूला सरकली. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत गाळणी तोंडावरून छातीवर गेली आणि पुन्हा तोंडावर आली. पण यात गोल गोल फिरणं नव्हतं. दाणे सुधारले, डबा लहान झाला, म्हणून आधी न परवडणारी जागा आता परवडली.

गंमत अशी की युरोपच्या रणांगणावर त्या युद्धात जर्मनीनं विषारी वायू मोठ्या प्रमाणावर वापरलाच नाही. सैनिकांनी केपचा रेनकोट केला, झोळीत मुखवट्याऐवजी खाऊ आणि सिगारेटी भरल्या. न घडलेल्या धोक्यासाठी रोज वजन वाहायला कुणाला आवडेल? त्यांना हसण्याआधी गावातल्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून बघा. हेल्मेट विकत घेतलेलं असतं, आयएसआय मार्कही असतो, पण ते डोक्याऐवजी कोपराला नाहीतर आरशाला लटकलेलं. वर्कशॉपमधले गॉगल कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते चहाला गेलेले.

हॅरिसन ४ नोव्हेंबर १९१८ ला न्यूमोनियानं गेले, युद्ध संपायच्या अवघा आठवडा आधी. त्यांच्या डब्यानं वाचवलेल्यांची नेमकी गणती कुणी करू शकणार नाही. पण त्या डब्याइतकंच श्रेय त्या साध्या पट्ट्याला, आखूड करायच्या अडकवणीला आणि पाठीमागच्या दोरीलाही आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आपण एफिशिएन्सीचे आलेख काढतो, ते काढायचेच. त्यासोबत एक साधा प्रश्नही विचारून ठेवू या : घाबरलेल्या, दमलेल्या, पावसात भिजलेल्या माणसाला हे वापरायला किती सेकंद लागतील?