गाडी अंगणात, चलान मोबाइलवर : कॅमेऱ्याचा दंड नेमका कुणाच्या नावावर पडतो?

धुळे : "गाडी त घरमाच उभी शे, मंग दंड कसाना?" हा प्रश्न खेड्यापाड्यात आता नवा राहिलेला नाही. मोबाइलवर मेसेज येतो. त्यात गाडीचा नंबर असतो आणि दंडाची रक्कम. पोलिसाने अडवलेलं नाही, शिट्टी वाजलेली नाही, हातात पावती नाही. पाचशे रुपये म्हणजे शेतातली एक-दोन दिवसांची मजुरी, आणि कांदा वाहणाऱ्या पिकअपवाल्याला दोन हजार भरावे लागले तर त्या खेपेत त्याच्या हाती फारसं उरत नाही. राग येणारच. पण हा राग कॅमेऱ्यावर निघतो आणि खरी अडचण बऱ्याचदा कागदात असते. कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबर प्लेट वाचतो. त्या नंबरापुढे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, त्याच्या नावावर दंड पडतो. गाडी कोण चालवत होतं, हा प्रश्न नंतरचा.

ई-चलान महाराष्ट्रात २०१६ मध्ये मुंबईपासून सुरू झालं आणि २०१९ पासून राज्यभर एकच पद्धत आली. म्हणजे नाशिकला सिग्नल तोडला तरी साक्रीतल्या मालकाला मेसेज येतो. चलान तीन प्रकारे होतं. एक, चौकातला वाहतूक पोलीस हातातल्या मशीनने गाडीचा फोटो काढतो. दोन, महामार्गाच्या कडेला उभ्या गाडीतून स्पीडगन लावली जाते. तिचा लेझर किरण धावत्या गाडीवर आदळून परत येतो, त्यावरून वेग निघतो आणि फोटोसोबत वेळही नोंदली जाते. तीन, खांबावरचे कायमचे कॅमेरे. लाल दिवा लागल्यावर जी गाडी पांढरी रेषा ओलांडेल तिचा नंबर ते टिपतात. इथे बरेच जण फसतात. "आम्ही थांबलो होतो की," असं ते सांगतात, पण गाडी झेब्रा पट्ट्यावर थांबलेली असते. कॅमेऱ्याच्या हिशेबात रेषा मागे गेली म्हणजे सिग्नल तुटला.

धुळ्यात मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर असे तीन मोठे रस्ते एकत्र येतात. शिरपूर, शिंदखेडा, साक्री, कुठूनही निघा, थोड्या वेळात महामार्ग लागतोच. म्हणून शहरात कधीमधी जाणाऱ्यालाही चलान चुकत नाही. वेगमर्यादा ओलांडली तर कायद्यात कार-जीपसारख्या हलक्या गाडीला १ ते २ हजार आणि ट्रकसारख्या जड गाडीला २ ते ४ हजार रुपये दंड आहे. डिसेंबर २०२१ पासून राज्यात वाढीव दर लागू आहेत. हेल्मेट नसेल तर ५०० रुपये, विमा नसेल तर पहिल्या वेळी २ हजार.

महामार्गावर वेगाला आळा नको, असं कोणी म्हणणार नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान १० जणांचा जीव गेला, ते लोक विसरलेले नाहीत. मात्र स्पीडगनला वेग दिसतो, ब्रेक दिसत नाही, रस्त्यातला खड्डाही दिसत नाही. वाहनचालकांच्या नाराजीत एवढं तथ्य आहेच.

नाराजी फक्त गावातली नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा बसली आणि ट्रकमालकांचा आवाज वाढला. जुलै २०२५ च्या सुरुवातीला ई-चलानच्या विरोधात राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप पुकारला. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांच्या राज्य मुख्यालयातून आदेश निघाला की कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान करू नये, सरकारी मशीनच वापरावं. म्हणजे ती तक्रार अगदीच हवेतली नव्हती.

नियम दोन्ही बाजूंना आहेत

केंद्र सरकारने ११ ऑगस्ट २०२१ रोजी कॅमेऱ्याच्या चलानासाठी वेगळे नियम काढले. त्यानुसार गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते. नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि वेगाचं चलान असेल तर मोजलेला वेग, हे सगळं पुराव्यात हवं. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं. कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर लावणंही बंधनकारक आहे. या नियमांत देशातल्या १३२ शहरांची यादी आहे. त्यात जळगाव आहे, धुळे नाही. पण म्हणून धुळ्यात चलान होत नाही असा अर्थ काढू नये, कारण अपघातप्रवण महामार्गही त्याच नियमांत येतात आणि पोलिसांच्या हातातलं मशीन तर सगळीकडेच चालतं.

विकलेल्या गाडीचा दंड

सगळ्यात जास्त गोंधळ जुन्या मोटारसायकलींचा आहे. गावात व्यवहार कसा होतो? स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या, आरसी बुक हातात, झाला सौदा. घेणारा म्हणतो, "करून घेतो नावावर." मग तो चार महिन्यांनी तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. गाडी सुरतेत फिरत असते आणि मेसेज येतात पहिल्या मालकाला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० ते यासाठीच. स्टॅम्पपेपरने गाडी नावावरून उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर होती, म्हणून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. तिथे पाचशे-हजाराचा दंड परवडला म्हणायची वेळ येते. सौदा करतानाच घेणाऱ्यासोबत आरटीओत जाऊन यावं. एक दिवस मोडतो, पण पुढचा घोर संपतो.

उलटंही घडतं. स्वस्तात घेतलेल्या गाडीवर आधीच्या मालकाची चलानं थकलेली असतात आणि ती नावावर करायच्या वेळी समोर येतात. पैसे मोजण्याआधी नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या 'महाट्रॅफिक' ॲपवर किंवा ई-चलानच्या सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी फोटोसह दिसते. गुजरातेत जाणं-येणं असेल तर केंद्राच्या 'परिवहन' ई-चलान साइटवरही बघावं.

मेसेजच येत नाही, अशीही तक्रार असते. गाडी घेताना शोरूमने किंवा एजंटने भलताच मोबाइल नंबर टाकलेला असतो, नाहीतर जुनं सिम कधीच बंद पडलेलं असतं. 'परिवहन'च्या साइटवर नंबर बदलता येतो, जमत नसेल तर सेतू केंद्रावर कागदं घेऊन जावं.

चलान चुकीचं असेल तर

आधी फोटो नीट बघावा. नंबर आपला पण गाडी दुसऱ्याच रंगाची, किंवा आपली शाइन आणि फोटोत बुलेट, असं असेल तर एकतर ३ चा ८ वाचला गेला आहे किंवा कोणीतरी आपला नंबर लावून फिरतंय. भरून टाकू नये. दंड भरला म्हणजे गुन्हा मान्य केला असाच त्याचा अर्थ होतो. ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे, तिथे आरसी आणि आपल्या गाडीचा फोटो जोडावा. बनावट नंबरचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, कारण उद्या त्याच नंबरच्या गाडीने अपघात केला तर हा अर्ज कामी येईल. तक्रार ऐकली गेली नाही तर न्यायालयात बाजू मांडता येते. चलान बरोबर आहे पण रक्कम साचली आहे, अशांना लोकअदालतीत तडजोड करता येते. तारीख जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कळते.

मराठी आकड्यांच्या किंवा 'दादा' वाचता येईल अशा वळणदार प्लेटचा दंड मात्र माफ होण्यासारखा नाही. नियमात इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर "आपल्या गाडीचे चलान झाले आहे" असं लिहून 'एपीके' फाइल आली तर ती उघडू नये. सरकार चलानासाठी अशी फाइल पाठवत नाही. ती टाकली की मोबाइलमधले मेसेज आणि ओटीपी चोराच्या हाती जातात आणि बँक खातं रिकामं होऊ शकतं. खऱ्या साइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. चुकून फाइल उघडली गेली असेल तर लगेच नेट बंद करावं, बँकेला कळवावं आणि १९३० वर फोन लावावा.