पृथ्वीराजांचे अपयश

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले आणि हडपसर मागे पडले की काही वेळाने लोणी काळभोर लागते. या गावच्या शिवारात, मुळा-मुठेच्या काठी, राज कपूर यांची 'राजबाग' होती. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' हा १९७८ सालचा चित्रपट बऱ्याच अंशी येथेच चित्रित झाला. १९८८ साली राज कपूर निवर्तले. त्यांची समाधी येथे आहे आणि बागेच्या जागी आज शिक्षणसंस्थांचे मोठे संकुल उभे आहे. चित्रपट व नाट्यकला यांचेही शिक्षण तेथे दिले जाते. समाधी पाहावयास येणाऱ्याला चित्रपटांची आठवण होते, ते स्वाभाविकच आहे. परंतु या घराण्याचे मूळ वेड चित्रपटाचे नव्हते, नाटकाचे होते; आणि त्या वेडापायी राज कपूर यांच्या वडिलांनी आयुष्याची ऐन सोळा वर्षे वेचली होती, याची आठवण मात्र क्वचितच होते.

पृथ्वीराज कपूर पेशावरकडून मुंबईत आले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटात त्यांनी काम केले आणि १९४१ च्या 'सिकंदर'ने त्यांना देशभर कीर्ती मिळवून दिली. अशा यशाच्या शिखरावर असताना, १५ जानेवारी १९४४ रोजी, त्यांनी 'पृथ्वी थिएटर्स' ही नाटक मंडळी स्थापन केली. पारशी रंगभूमीचा भपका आणि आरडाओरडा टाळून, बोलचालीच्या हिंदुस्थानी भाषेत, चालू काळाच्या प्रश्नांवर नाटके करावयाची, हा त्यांचा संकल्प होता. 'शकुंतला'ने प्रारंभ झाला खरा. पण मंडळीची खरी ओळख पटली ती १९४५ च्या 'दीवार'मुळे. एका घरातील भावाभावांमध्ये भिंत उभी राहते, या कथेतून देशाच्या फाळणीचे भवितव्यच प्रेक्षकांपुढे मांडले गेले होते, आणि तेही फाळणीच्या दोन वर्षे आधी. पुढे 'पठाण', 'गद्दार', 'आहुती' ही नाटकेही त्याच जखमेभोवती फिरत राहिली.

हा प्रयत्न प्रेक्षकांनी नाकारला, असे कोणी म्हणू शकणार नाही. सोळा वर्षांत गावोगाव अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. शे-दीडशे माणसांचा हा संसार सामानसुमानासह रेल्वेने देशभर फिरत असे. जोहरा सहगल यांच्यासारखी अभिनेत्री आणि शंकर-जयकिशन यांच्यासारखे संगीतकार याच मंडळीत वावरले. असे असूनही १९६० साली 'पृथ्वी थिएटर्स' बंद पडली. पृथ्वीराजांची प्रकृती ढासळली होती, आवाज साथ देत नव्हता. दैवाचा खेळ असा की, त्याच वर्षी 'मुगल-ए-आझम'मधील त्यांच्या अकबराने रुपेरी पडदा दणाणून सोडला.

कलावंत थकला म्हणून संस्था संपली, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती मात्र अधिक बोधप्रद आहे. या मंडळीला स्वतःची वास्तू नव्हती. मुंबईत तिचे प्रयोग ऑपेरा हाउसमध्ये होत; पण तेथे चित्रपटांचे खेळ चालत असल्याने नाटकाच्या वाट्याला सकाळची वेळ येई. तिकिटांच्या उत्पन्नात शे-दीडशे माणसांचा चरितार्थ भागणे शक्य नव्हते. तूट भरून निघे ती पृथ्वीराजांच्या चित्रपटांतील कमाईतून. प्रयोग संपल्यावर ते दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. झोळीत पडणारा पैसा प्रायः निर्वासितांसाठी आणि अन्य गरजूंसाठी असे. स्वतः तोट्यात असलेली संस्था दुसऱ्यांसाठी हात पसरीत होती! या औदार्यापुढे कोणाचीही मान लवेल. परंतु औदार्य म्हणजे अर्थव्यवस्था नव्हे.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली या दुखण्याचे निदान केले. गिरणीत नवे यंत्र आले की तोच कामगार पूर्वीपेक्षा अधिक कापड काढतो. त्यामुळे मजुरी वाढली तरी वाराचा खर्च त्याच प्रमाणात वाढत नाही. नाटकाचे तसे नाही. दहा पात्रांचे नाटक पन्नास वर्षांनीही दहाच माणसांनी करावे लागते आणि तीन तासांच्या प्रयोगाला तीनच तास लागतात. इतरत्र वेतने वाढली की नटांचीही वाढवावी लागतात. खर्च वाढतो, उत्पादन तेवढेच राहते. चित्रपटाची एकदा तयार केलेली फीत शेकडो गावी दाखविता येते; नटाला मात्र रोज नव्याने उभे राहावे लागते. तेव्हा गंभीर नाटकाची तूट हा व्यवस्थापकाचा गलथानपणा नसून त्या धंद्याचा स्वभावच आहे. ती तूट कोणी तरी सातत्याने सोसावी लागते. पृथ्वीराजांनी ती एकट्याने सोसली, म्हणूनच ते थकताच सारे थांबले.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक घेऊन 'नाट्यमन्वंतर' अवतरली, तेव्हा मराठी रंगभूमी नव्या युगात आली असे जाणकारांना वाटले होते. सुशिक्षित, ध्येयवादी मंडळी, नवे तंत्र, स्त्रीभूमिकांसाठी स्त्रिया, सारे काही होते. तरी ती संस्था अल्पावधीतच मिटली. आपण अशा वेळी रसिकतेला दोष देतो. हिशेबाची वही मात्र कोणी उघडत नाही.

पृथ्वीराजांच्या धाकट्या पुत्राने ती उघडली. पृथ्वीराजांनी १९६२ साली जुहू येथे एक जागा भाडेपट्ट्याने घेतली होती. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९७२ मध्ये, पट्ट्याची मुदत संपली. शशी कपूर आणि त्यांच्या पत्नी जेनिफर यांनी वडिलांच्या स्मरणार्थ विश्वस्त निधी स्थापून तेथे सुमारे दोनशे आसनांचे नाट्यगृह बांधले. ते ५ नोव्हेंबर १९७८ रोजी उघडले. ज्या वर्षी लोणीत चित्रित झालेल्या चित्रपटाचे ते नायक होते, त्याच वर्षी! त्यांनी वडिलांची मंडळी पुन्हा उभारली नाही. दुसऱ्यांच्या मंडळींसाठी घर उभारले. नट बदलले, लेखक बदलले, तरी वास्तू टिकली आणि आजही तेथे प्रयोग होतात. त्या वास्तूतील पहिले नाटक होते गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मराठी नाटकाचा हिंदी अवतार, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे.

पुणेकरांना १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर लाभले ते महापालिकेमुळे, म्हणजे करदात्यांच्या पैशातून. एखाद्या दात्याची कमाई आटते, नगराची सहसा आटत नाही. परंतु नाट्यगृहाचे भाडे नवख्या मंडळीला परवडले नाही, तर सार्वजनिक वास्तूही पृथ्वीराजांच्या सकाळच्या ऑपेरा हाउसइतकीच परकी ठरते. दोनशे आसनांची, माफक भाड्याची नाट्यगृहे तालुक्यातालुक्यांत किती आहेत, हा प्रश्न म्हणूनच नाट्यप्रेमींइतकाच नगरपालिकांनाही विचारला पाहिजे.

लोणीच्या संकुलात आज अभिनयाचे धडे घेणाऱ्या मुलामुलींना पृथ्वीराजांचा अभिनय कदाचित शिकविला जाईल. त्यांच्या झोळीचा हिशेबही शिकविला जावा. उद्या त्यांच्यापैकी कोणी नाटक मंडळी काढलीच, तर पहिला प्रश्न संहितेचा असेल. पण दुसरा प्रश्न तूट कोण सोसणार हाच असला पाहिजे.