भाकरीच्या मुलखात गव्हाचा आजार

अकरा वर्षांची मुलगी, पण दिसायला सात-आठ वर्षांची. चेहरा पांढुरका, हातापायाच्या काड्या, पोट मात्र पुढे आलेले. अंबड तालुक्यातील एका खेड्यातून तिची आजी तिला घेऊन माझ्या दवाखान्यात आली, त्याला आता काही वर्षे झाली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातच्या आत. असे मूल समोर आले की आम्हा डॉक्टरांच्या लेखणीला सवयच जडलेली असते. जंताची गोळी, लोहाचे टॉनिक आणि ‘पालेभाज्या खाऊ घाला’ हा उपदेश. मीही तेच लिहून दिले आणि पुढे दीड वर्ष तेच लिहीत राहिलो.

औषध चालू असले की रक्त जरा वर सरके, थांबले की पुन्हा खाली. अधूनमधून पातळ, घाण वासाचे, तेलकट जुलाब. एकदा मी आजीवर चिडलोच. ‘‘पोरीला खायला घालता तरी काय?’’ म्हातारी दुखावली. म्हणाली, ‘‘साहेब, आम्ही घरचे सगळे भाकरी खातो. हिच्या अंगाला लागावं म्हणून हिला एकटीला रोज गव्हाची पोळी करून घालतो, तुपात चुरून.’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या आजाराला सिलिॲक डिसीज म्हणतात. लोक त्याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात, पण ती शिंका-पित्ताची ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन असते. पोळी फाटू न देता ताणली जाते ती त्याच्याच जोरावर. काही जणांच्या शरीराची रोगप्रतिकारक शक्ती या ग्लुटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आपल्या लहान आतड्याला आतून टॉवेलसारखी लव असते. या बारीक अंकुरांमधूनच अन्नाचा रस रक्तात जातो. सिलिॲकमध्ये ही लव झिजून सपाट होते. मग ताटात तूप असो की बदाम, अंगी लागत नाही. लोह आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषले जाते आणि नेमका तोच भाग आधी बिघडतो. म्हणून माझे टॉनिक वाया जात होते.

सर्वांनाच जुलाब होतात असे मात्र नाही. कोणाची उंची खुंटते, कोणाची हाडे ठिसूळ होतात, कोणाच्या दातांवर डाग व खड्डे पडतात. मुलींची पाळी उशिरा येते, काही स्त्रियांना गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरने 1888 साली या आजाराचे नेमके वर्णन केले. पण दोष गव्हाचा, हे ठरायला आणखी साठ वर्षे गेली. हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला तसा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, तिकडे पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी, पण ही आजारी मुले सुधारू लागली! पाव परत आला आणि मुले पुन्हा खंगली. डिकेने 1950 साली आपला प्रबंध मांडला.

आपल्याकडे काय? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात एक असे प्रमाण आढळले. आजाराला लागणारा आनुवंशिक वारसा दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. मोठा फरक होता तो रोजच्या ताटातील गव्हाचा. आपल्या जिल्ह्यात मागच्या पिढीला पोळी सणासुदीला मिळे. आता रेशनचा गहू घरोघरी आहे आणि ज्वारी महाग.

तपासणी कठीण नाही. रक्तातील टीटीजी ही चाचणी आधी करतात, मग गरजेप्रमाणे दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहतात. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर आजार असूनही तो सापडत नाही. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी.

उपाय एकच, आणि तो जन्मभराचा. गहू बंद. सुदैवाने आपल्याकडे ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ आहेतच. अडचण येते ती भलतीकडून. आमच्या या मुलीला भाकरी सुरू केली, तरी तीन महिन्यांनी हवा तसा फरक दिसेना. चौकशी केली तर ज्वारी गावच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळली जात होती. जात्यात राहिलेले पीठही पुरते. आजीने माळ्यावरचे जुने जाते खाली काढले. रवा, मैदा, शेवया, कुरडया, खपली, सातूचे पीठ, माल्टची पावडर, बिस्किटे हे सगळे वर्ज्य. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याला द्यावा. देव रागावत नाही, शेजारीण रागावते.

महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी आली की ती मुलगी रडायची. आजीने तांदळाच्या पिठीचे पुरणाचे दिंड उकडून दिले. आंबील तर ज्वारीचीच होती. वर्षभरात हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले. पुढल्या दोन वर्षांत ती इतकी वाढली, की शाळेचा गणवेश दोनदा शिवावा लागल्याची तक्रार घेऊन आजी माझ्याकडे आली होती.