सौरऊर्जा आणि धोक्याचे मोजमाप

सूर्यापासून मिळणाऱ्या विजेत धोका तो कोणता, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. धूर नाही, खाण नाही, बॉयलर नाही. तुलनेने पाहता हे योग्यच आहे. तेवढ्याच विजेमागे कोळशाचा धूर आणि खाणी यांनी घेतलेले बळी सौर व पवनऊर्जेच्या शेकडो पट भरतात. परंतु अशी सरासरी काढून धोक्याचा अंदाज पुरा होत नाही. आपण काय गृहीत धरून चाललो आहोत, हे आधी तपासावे लागते.

हा धडा कोयनेने दिला. पाण्याची वीज हीही अक्षय ऊर्जाच. दख्खनचे पठार भूकंपापासून बहुतांशी सुरक्षित आहे, असा त्या काळी जाणकारांचा समज होता आणि भूकंपाचा अल्प भार धरूनच धरणाची रचना झाली. जलाशय भरू लागला तसे लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या. ते फुटले मात्र नाही. वीजपुरवठा खंडित झाल्याने मुंबईच्या कारखान्यांना झळ बसली. भिंतीला काँक्रीटचे टेकू मिळाले ते त्यानंतर.

आळंदकरांना हे दूरचे वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी आणि आपल्या शेजारच्या उमरगा भागात जड दगडी भिंती व माळवदांखाली हजारो माणसे गाडली गेली. तशी माळवदे या परिसरात अजून आहेत, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून छतावर सौरफलक बसविण्यास साहाय्य मिळते. लोकांना भीती वाटते ती फलकांच्या वजनाची. एक फलक वीस-पंचवीस किलोचा. माळवदावरील मातीपुढे ते वजन किरकोळ आहे. मला अधिक काळजी वाऱ्याची वाटते. वळवाच्या वादळात फलक शिडासारखा उचलला जातो आणि मातीत रोवलेले बोल्ट त्याला धरून ठेवू शकत नाहीत. शिवाय त्या छिद्रांतून पाणी मुरून तुळया कुजतात, ते निराळेच.

मेन स्विच बंद केला की वीज गेली, ही आपली जुनी समजूत. फलक मात्र ऊन असेतो वीज निर्माण करीतच राहतो. आठ-दहा फलक एकामागून एक जोडले की छतावर ३०० ते ४०० व्होल्टचा दाब दिवसभर असतो. ही दिष्ट धारा असते. घरातील प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझण्यास वाव मिळतो. दिष्ट धारेची ठिणगी सैल जोडात जळतच राहते व तेथून आग लागू शकते. म्हणून जोड दरवर्षी तपासून घ्यावेत, आणि आग लागल्यास मेन स्विच बंद आहे एवढ्या भरवशावर कोणी फलकांवर पाणी मारू नये.

गावची वीज गेली की सौरसंचाचा साधा इन्व्हर्टरही थांबतो, आणि लोक चिडतात. तो थांबतो खांबावर चढलेल्या लाइनमनसाठी. बंद समजलेल्या तारेत एखाद्या छतावरून वीज उलटी गेली, तर त्याचा जीव जाईल. ही व्यवस्था युक्तीने बाजूस सारणाऱ्या घराची जोडणी तत्काळ तोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.