मीटरचा काटा काय सांगतो, काय लपवतो?

जळकोटवरून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो. या रस्त्याने कारमधून जाताना मोबाईलवर जीपीएसचा वेग लावून बघा. डॅशबोर्डवरचा काटा ८० वर असेल, तर मोबाईल बहुतेक वेळा त्यापेक्षा थोडा कमी, समजा ७६ दाखवेल. मग मीटर खराब आहे का? नाही. ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं.

स्पीडोमीटर वेग थेट मोजत नाही. चाकाचे फेरे मोजले जातात आणि टायरचा ठरावीक घेर धरून हिशेब होतो. टायर झिजला, बदलला किंवा हवा कमी झाली की हा हिशेब हलतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. ३९ मध्ये अट आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाचे १० टक्के आणि वर ताशी ४ किमी, एवढीच मुभा. म्हणजे खरा वेग ७६ असताना ८७ दिसले तरी चालतं. ही झाली पद्धतशीर त्रुटी. शंभर रीडिंग घेऊन सरासरी काढली तरी ती जात नाही!

आता स्पोर्ट्स कार बघू. पोर्शे ९११ मध्ये मधोमध सगळ्यात मोठी डायल वेगाची नसून इंजिनच्या आरपीएमची असते. चालकाने आधी काय बघावं, हे डिझायनरने ठरवून टाकलंय.

लेक्सस एलएफएचं इंजिन ०.६ सेकंदात ९००० आरपीएम गाठतं. साध्या काट्याला तेवढ्या वेगाने पळणं जमेना, म्हणून तिथे डिजिटल डायल आली. तुमचं उपकरणही घटनेपेक्षा संथ असेल, तर ग्राफ दिसायला छान येईल, पण घटना त्यात नसेल.

सगळ्यात भारी उदाहरण माझदा मियाटाचं. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ऑईल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवायचा. १९९५च्या मॉडेलपासून डायल तशीच राहिली, पण मागे सेन्सरऐवजी नुसता स्विच आला. दाब किमान मर्यादेच्या वर असला की काटा मध्यावर. उत्तर फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’, पण दिसायला मोजमाप!

हे स्वतः तपासायचं असेल तर महामार्गावरचे किलोमीटरचे दगड वापरा. चालकाने काटा ८० वर स्थिर ठेवायचा, स्टॉपवॉच शेजारच्याने धरायचं. ५ किमीला २२५ सेकंद लागायला हवेत. २३७ लागले, तर खरा वेग साधारण ७६. पाचच किमी का? एका किमीला फरक जेमतेम अडीच सेकंदांचा पडतो. बटण दाबायला अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तरी निकाल डळमळतो. पाच किमीला फरक १२ सेकंदांचा होतो, बटणाची चूक मात्र तेवढीच राहते.

पीएच मीटर असो, वजनकाटा असो की सर्वेक्षणाची प्रश्नावली, सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे नेमकं काय मोजतं आणि कशाचा अंदाज बांधतं? ते किती लवकर प्रतिसाद देतं? आणि दाखवण्याआधी आत काय गाळलं जातं? याची उत्तरं मॅन्युअलमध्ये आणि कॅलिब्रेशनमध्ये मिळतात. तीन वर्षांचा डेटा जमल्यावर ती शोधण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात शोधलेली बरी.